सेवा बंद केली, खात्यात पैसे उरले: ते परत कसे मागायचे?

इंटरनेटचं कनेक्शन, मोबाइल नंबर, वीजपुरवठा, एखाद्या ॲपचं वार्षिक सदस्यत्व, कुठलीही सेवा बंद करा. बऱ्याचदा खात्यात थोडीफार रक्कम उरलेली असते. ती कधी दोनदा भरलेल्या बिलाची असते, कधी आगाऊ भरलेल्या पैशांतली न वापरलेली, तर कधी सुरुवातीला दिलेल्या अनामतीची. रक्कम फार मोठी नसते. त्यामुळे माणूस एकदा कस्टमर केअरला फोन लावतो, "सिस्टिममध्ये तसा पर्याय नाही" हे उत्तर ऐकतो आणि नाद सोडतो.

नाद सोडू नये असं मला मनापासून वाटतं. यातली बरीचशी रक्कम तुमच्या हक्काची असते आणि ती मिळवायला वकील लागत नाही. लागते ती थोडी माहिती, एक नीट लिहिलेला अर्ज आणि कोणती गोष्ट आधी करायची, कोणती नंतर, याचं भान. लोकांचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधून काढायची: ही रक्कम खात्यात आली कुठून? बाकी सगळं यावरच ठरतं.

शिल्लक एक दिसते, पण आत प्रकार अनेक

बिलावर किंवा खात्याच्या पानावर एकच आकडा दिसतो. त्याच्या आधी वजाचं चिन्ह असतं किंवा पुढे "सीआर" अशी अक्षरं असतात. कंपनी तुमचं देणं लागते, एवढाच त्याचा अर्थ. वजाचं चिन्ह पाहून पुष्कळ जण दचकतात, आपलीच थकबाकी राहिली असं समजून आणखी पैसे भरून मोकळे होतात, आणि परत घ्यायची रक्कम वाढवून बसतात. म्हणून आकड्यावर थांबू नका. खात्याचा व्यवहारांचा तपशील उघडा आणि ती रक्कम कोणत्या नोंदीतून तयार झाली ते मागे मागे जात शोधा.

सगळ्यात भक्कम दावा जास्त भरलेल्या पैशांचा. समजा, सेवा महिन्याच्या मध्यावर बंद झाली, कंपनीने त्या तारखेपर्यंतचं अंतिम बिल काढलं, पण तुमच्या बँकेत किंवा कार्डावर ऑटो-पे चालूच होतं. ठरलेल्या दिवशी नेहमीसारखी पूर्ण महिन्याची रक्कम कापली गेली. आता कंपनीकडे तुमचे असे पैसे आहेत, ज्यांच्या बदल्यात तिने काहीच दिलेलं नाही आणि देणारही नाही. हे पैसे परत न करण्याला कुठलाही आधार नसतो. करारात "भरलेली रक्कम परत मिळणार नाही" असं लिहिलेलं असलं, तरी ते वाक्य सेवेच्या मोबदल्याबद्दल असतं. चुकून जादा आलेल्या रकमेला ते लावणं बरोबर नाही, हे अर्जात ठामपणे लिहावं.

अनामत रक्कम, म्हणजे डिपॉझिट, हीसुद्धा तुमचीच. कंपनीने ती थकबाकीची आणि उपकरणांची हमी म्हणून ठेवलेली असते. राउटर, सेट-टॉप बॉक्स, मीटर, जे काही त्यांचं असेल ते परत केलं आणि बिल चुकतं केलं, की ती अडवून ठेवायला कारण उरत नाही. इथे वाद होतो तो उपकरणावरून. राउटर परत घ्यायला आलेला माणूस तो पिशवीत टाकून निघून जातो, पावती देत नाही, आणि महिन्याभराने "उपकरण जमा नाही" म्हणून डिपॉझिट कापलं जातं. उपकरण देताना मागच्या बाजूचा सिरियल नंबर दिसेल असा फोटो काढा आणि ते मिळाल्याची सही किंवा मेसेज घेतल्याशिवाय हातातून सोडू नका.

तिसरा प्रकार न वापरलेल्या मुदतीचा. वर्षाचे पैसे एकदम भरले, आणि 365 दिवसांपैकी 146 दिवस बाकी असताना सेवा बंद केली. दिवसांच्या हिशेबाने 40 टक्के रक्कम उरते. ती मिळेल की नाही, हे मात्र करारावर अवलंबून आहे. काही कंपन्या दिवसावारी परत देतात. काही जण वार्षिक सवलत आधी काढून घेतात, म्हणजे वापरलेल्या महिन्यांना महिनेवारी दर लावतात आणि उरेल तेवढंच देतात. काही ठिकाणी "रद्द केलं तरी मुदत संपेपर्यंत सेवा चालू राहील, पैसे परत नाहीत" असा नियम असतो. यात एक बाजू लक्षात ठेवावी: सेवा तुम्ही बंद केली की कंपनीने, यावर उत्तर बदलतं. कंपनीने सेवाच गुंडाळली, दर मध्येच वाढवले किंवा कबूल केलेली सुविधा काढून घेतली म्हणून तुम्ही बाहेर पडत असाल, तर उरलेल्या मुदतीच्या पैशांवरचा तुमचा दावा पुष्कळ मजबूत होतो. अर्जात रद्द करण्याचं कारण लिहायचं ते यासाठी.

प्रीपेड टॉप-अप आणि वॉलेटमधली शिल्लक हा मधला प्रदेश. पैसे तुम्ही टाकले, पण ते फक्त त्याच सेवेत खर्च होतील या अटीवर. देशोदेशी याचे नियम वेगळे आहेत. त्यांकडे पुढे येतो.

आणि शेवटी प्रोमो क्रेडिट: नवीन ग्राहक म्हणून मिळालेलं, मित्राला जोडल्याबद्दल मिळालेलं, सेवा खंडित झाली म्हणून दिलगिरीदाखल दिलेलं. हे पैसे तुम्ही कधी भरलेलेच नसतात, ती पुढच्या बिलावरची सूट असते. खातं बंद झालं की ती बहुतेक ठिकाणी संपते, आणि ती रोखीत मागण्यात वेळ घालवू नये. उलट ती मागणीत मिसळली, तर "आमच्या धोरणानुसार क्रेडिट परत होत नाही" असं एक सरसकट उत्तर देऊन कंपनी तुमचे खरे पैसेही त्याच झाडूने झाडून टाकते. आपण होऊनच सांगावं, की एवढी रक्कम प्रोमोची आहे, ती मी मागत नाही. उरलेली मी भरलेली आहे, ती द्या.

एक फसवी जागा इथेच सांगून ठेवतो. एखादी वस्तू परत केली किंवा सेवेत बिघाड झाला, तेव्हा कंपनीने पैसे बँकेत न पाठवता खात्यातच "क्रेडिट" म्हणून टाकलेले असतात. ते प्रोमोसारखे दिसतात, कधी कधी तर त्याच रकान्यात बसलेले असतात; पण मुळात ते तुम्ही भरलेलेच पैसे, फक्त रूप बदललेले. अशा वेळी मूळ बिल आणि मूळ भरणा शोधून दाखवला, तर चित्र पालटतं. गिफ्ट कार्डाचं पुन्हा निराळं: त्याचे पैसे कोणीतरी दुसऱ्याने भरलेले असतात, त्यामुळे ते बँकेत परत मिळणं अवघड जातं.

कंपनीच्या हिशेबात ही रक्कम कुठे बसते

ग्राहकाने आगाऊ भरलेले पैसे हे कंपनीचं उत्पन्न नसतं. सेवा दिली जाईपर्यंत ते ताळेबंदात देणं म्हणून दाखवावे लागतात. 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या आयएफआरएस 15 या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकात याची सविस्तर नियमावली आहे. ग्राहकांनी कधीच न वापरलेल्या शिल्लकेसाठीही त्यात तरतूद आहे, हिशेबनीस अशा शिल्लकेला "ब्रेकेज" म्हणतात. किती ग्राहक आपली शिल्लक वापरणार नाहीत याचा कंपनीला भरवशाचा अंदाज बांधता येत असेल, तर तेवढा भाग ती हळूहळू उत्पन्नात घेऊ शकते. पण ज्या देशात बेवारस रक्कम सरकारजमा करायचा कायदा आहे, तिथे ती रक्कम उत्पन्न म्हणून घेता येत नाही.

हे तांत्रिक वाटलं तरी त्यातून एक गोष्ट कळते. तुमची विसरलेली शिल्लक ही अनेक धंद्यांत आधीच गृहीत धरलेली असते. खातं बंद करताना "उरलेली रक्कम कुठे पाठवू?" असं विचारणारं बटण सहसा दिसत नाही, ते असतं तर बहुतेकांनी दाबलं असतं. मागितल्याशिवाय मिळत नाही अशी रचना असेल, तर मागावं लागतं, आणि त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

कायदा काय म्हणतो

सगळ्या जगाला लागू होईल असा एक नियम नाही. पण वेगवेगळ्या ठिकाणचे नियम पाहिले की दिशा कळते, आणि आपल्या ठिकाणी नेमकं काय शोधायचं तेही कळतं.

युरोपियन युनियनच्या 2018 सालच्या इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स कोड या दूरसंचारविषयक कायद्यात प्रीपेड ग्राहकांसाठी स्पष्ट तरतूद आहे: मोबाइलची कंपनी बदलताना ग्राहकाने मागणी केली, की उरलेली शिल्लक परत द्यायची. त्यासाठी शुल्क घ्यायचं तर ते करारात आधीच लिहिलेलं हवं, आणि ते प्रत्यक्ष खर्चाच्या प्रमाणात हवं. "मागणी केली की" हे शब्द महत्त्वाचे आहेत. हक्क आहे, पण तो मागणाऱ्याला.

ब्रिटनमध्ये वीज आणि गॅसच्या घरगुती ग्राहकाने पुरवठादार बदलला, तर जुन्या कंपनीने 6 आठवड्यांत अंतिम बिल द्यायचं आणि त्यात ग्राहकाची रक्कम जमा निघाली, तर ती त्यानंतर 10 कामाच्या दिवसांत परत करायची. हे पाळलं नाही तर भरपाई द्यावी लागते. अमेरिकेत क्रेडिट कार्डाच्या खात्यावर एका डॉलरपेक्षा जास्त रक्कम ग्राहकाच्या बाजूने जमा असेल, तर लेखी मागणी मिळाल्यापासून 7 कामाच्या दिवसांत ती परत करण्याचं बंधन आहे. भारतात रिझर्व्ह बँकेच्या 2022 सालच्या निर्देशांनुसार क्रेडिट कार्ड बंद करण्याची विनंती 7 कामाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवी, आणि कार्डखात्यात काही जमा उरली असेल तर ती ग्राहकाच्या बँक खात्यात जायला हवी.

वॉलेटच्या बाबतीत एक फरक समजून घ्यावा. जी शिल्लक अनेक ठिकाणी पैशासारखी चालते, तिच्यावर कायद्याचं संरक्षण जास्त असतं. युरोपात 2009 सालच्या ई-मनी निर्देशानुसार अशी शिल्लक ग्राहकाला कधीही आणि पूर्ण मूल्याने परत मागता येते. जी शिल्लक फक्त एकाच कंपनीच्या सेवेत चालते, ती मात्र बहुधा या नियमाच्या बाहेर राहते. तिथे कंपनीच्या अटी-शर्ती आणि सर्वसाधारण ग्राहक कायदा एवढाच आधार. उदाहरणच द्यायचं तर स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या वॉलेटमधले पैसे रोखीत काढता येत नाहीत; पण स्टीमवरून टाकलेली आणि अजिबात न वापरलेली रक्कम 14 दिवसांच्या आत परत मागता येते. अशा मुदती सगळीकडे असतात. रक्कम टाकल्यावर आठवड्याभरात मन बदललं आणि वर्षाने बदललं, यात म्हणूनच फार अंतर आहे.

तुमच्या ठिकाणचा नियम शोधताना कंपनीच्या नावापेक्षा क्षेत्राच्या नियामकापासून सुरुवात करा: दूरसंचार, वीज, बँकिंग, विमा. नियमन असलेल्या क्षेत्रात बहुधा लेखी मुदत सापडते. ॲप, गेम, ऑनलाइन शिकवणी अशा क्षेत्रांत ती क्वचितच असते.

बंद करण्याआधी

हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो, कारण खातं बंद झाल्यावर तुमच्या हातातली निम्मी साधनं जातात. लॉगिन चालत नाही, जुनी बिलं दिसत नाहीत, चॅटमधली संभाषणं नाहीशी होतात. कस्टमर केअरचा माणूस "ग्राहक क्रमांक सिस्टिममध्ये दिसत नाही" म्हणतो, आणि त्याच्या बाजूने ते खरंही असतं.

म्हणून रद्द करण्याचं बटण दाबण्याआधी सगळी बिलं, भरण्याच्या पावत्या आणि शिल्लक दाखवणारं पान उतरवून घ्या. त्या दिवशीच्या अटी-शर्तीही जतन करा. त्या बदलत राहतात, आणि वाद झाला तर तुम्ही सही केली तेव्हा काय लिहिलं होतं याला अर्थ असतो. कंपनीकडे नोंदलेला ईमेल आणि फोन नंबर तुमच्याच हातात आहेत ना, ते बघा. इंटरनेट कंपनीने दिलेला ईमेलच त्या खात्याला जोडलेला असेल, तर कनेक्शनबरोबर तो पत्ताही बंद होईल आणि परताव्याची सूचना कुठे येणार? मोबाइल नंबर सोडताना तर हा धोका दुहेरी असतो, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतात. आधी सगळीकडे नवा नंबर नोंदवा, मगच जुना सोडा.

खातं "बंद करणं" आणि खातं "डिलीट करणं" यांत फरक असतो, तोही पाहून घ्या. सेवा रद्द केली तरी खातं राहतं आणि त्यात शिल्लक दिसत राहते. डिलीट केलं की अनेक कंपन्यांच्या अटींनुसार शिल्लक सोडून दिल्याचं मानलं जातं. तशी सूचना पुष्टीच्या पानावर बारीक अक्षरात असते आणि आपण खूण करून पुढे जातो. आधी पैसे, मग डिलीट.

ऑटो-पे दोन्हीकडून थांबवा. कंपनीच्या खात्यात जोडलेलं कार्ड काढणं पुरेसं नाही. बँकेच्या किंवा पेमेंट ॲपच्या बाजूने दिलेली परवानगीही रद्द करावी लागते. पण शेवटचं बिल बाकी असेल तर ते चुकतं करण्याआधी हे करू नका, नाहीतर विलंबशुल्क लागेल आणि ते नेमकं तुमच्या उरलेल्या रकमेतून कापलं जाईल.

ॲप स्टोअरमधून घेतलेल्या सदस्यत्वाचे पैसे तुम्ही ॲप बनवणाऱ्याला थेट दिलेले नसतात. ते ॲपल किंवा गूगलकडे गेलेले असतात. अशा वेळी परताव्याची मागणी सहसा त्या स्टोअरकडेच करावी लागते. पैसे कोणाच्या नावावर कापले गेले, हे बँकेच्या स्टेटमेंटवर पाहिलं की कोणाकडे जायचं ते कळतं.

अर्ज कसा लिहायचा

फोनवर बोलायला हरकत नाही, पण मागणी लेखीच हवी: ईमेल, तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म, जे असेल ते. पुष्कळ मुदती लेखी मागणीपासून मोजल्या जातात. मजकूर लहान ठेवा. रागाचं वर्णन, आधीच्या गैरसोयींचा पाढा, यामुळे वाचणारा मुद्द्यापर्यंत पोचत नाही. साधारण असा मजकूर पुरतो:

"माझा ग्राहक क्रमांक अमुक. माझी सेवा अमुक तारखेला बंद झाली असून अंतिम बिल अमुक तारखेचं आहे. त्या बिलानुसार खात्यात अमुक रक्कम माझ्या नावे जमा आहे. ही रक्कम मी अमुक तारखेला केलेल्या भरण्यातून आलेली आहे. भरण्याची पावती सोबत जोडली आहे. यात कोणत्याही प्रोमो किंवा सवलतीच्या रकमेचा समावेश नाही. माझ्याकडे तुमचं कोणतंही उपकरण नाही. ते परत केल्याची पोच सोबत आहे. कृपया पूर्ण रक्कम मूळ भरणा ज्या कार्डावरून किंवा खात्यातून झाला तिथेच परत करावी. ते शक्य नसेल तर पर्यायी बँक खात्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील ते लेखी कळवावं. कोणतीही कपात करणार असाल, तर ती कोणत्या अटीखाली, हेही कळवावं. अमुक तारखेपर्यंत उत्तराची अपेक्षा आहे."

यातलं प्रत्येक वाक्य एकेक नेहमीचा अडथळा आधीच काढून टाकतं. रक्कम कुठून आली ते सांगितलं, म्हणून "क्रेडिट परत होत नाही" हे उत्तर देता येत नाही. उपकरणाची पोच जोडली, म्हणून तो फाटा फुटत नाही. कपातीची अट विचारली, म्हणून "प्रक्रिया शुल्क" नावाची रक्कम गुपचूप कापणं अवघड होतं. शेवटची तारीख वाजवी द्या; दोन ते तीन आठवडे.

बँक खात्याचा तपशील पहिल्याच ईमेलमध्ये पाठवू नका. आणि तुम्ही समाजमाध्यमावर कंपनीला उद्देशून तक्रार लिहिलीत, की काही वेळात "आम्ही मदत करतो, या लिंकवर माहिती भरा" म्हणणारी बनावट खाती हजर होतात. परतावा घ्यायला कार्डाचा पिन, सीव्हीव्ही, ओटीपी किंवा स्क्रीन दाखवणारं ॲप कधीच लागत नाही. हे मागणारा माणूस पैसे द्यायला आलेला नसतो.

अंतिम बिल येईपर्यंत मात्र थोडा धीर धरावा लागतो, आणि ते कारण खरं असतं. रोमिंगचे कॉल, मीटरचं शेवटचं रीडिंग, दुसऱ्या कंपनीमार्फत वापरलेल्या सेवा यांच्या नोंदी उशिरा येतात. तोपर्यंत शिल्लक "तात्पुरती" असते.

"रिफंड केला आहे" म्हणजे काय

कंपनीने रिफंड केल्याचा मेसेज आला, तरी पैसे लगेच दिसत नाहीत. कंपनी तिच्या बँकेला सांगते, ती बँक व्हिसासारख्या कार्ड नेटवर्कला, नेटवर्क तुमच्या बँकेला, आणि मग नोंद पडते. कार्डाच्या बाबतीत 5 ते 10 कामाचे दिवस लागणं नेहमीचं आहे. त्यानंतरही काही नाही, तर कंपनीकडे एआरएन मागा. हा 23 अंकी क्रमांक कार्डावरच्या परताव्याला सहसा मिळतो. तो घेऊन बँकेत गेलात की बँकेला नेमका व्यवहार शोधता येतो. कंपनीला हा क्रमांक देता आला नाही, तर बहुधा परतावा अजून निघालेलाच नसतो. फोनवरच्या आश्वासनापेक्षा या एका क्रमांकावर माझा जास्त भरवसा आहे.

पैसे मूळ कार्डावरच का पाठवतात? एकाच्या कार्डावरून भरून दुसऱ्याच्या खात्यात काढून घेणं ही काळा पैसा फिरवण्याची जुनी युक्ती आहे, म्हणून नियम तसे आहेत. अडचण येते ती कार्ड बंद झालेलं असल्यावर. नुसती मुदत संपून त्याच बँकेने नवं कार्ड दिलं असेल, तर परतावा सहसा नव्या कार्डाच्या खात्यात येतो. खातंच बंद असेल, तर बँक रक्कम परत पाठवते किंवा स्वतःकडे अडकवून ठेवते, आणि तुम्हाला दोन्हीकडे पाठपुरावा करावा लागतो. शिवाय भरणा फार जुना असेल, तर पेमेंट गेटवे (कंपनीसाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी यंत्रणा) त्या व्यवहारावर परतावा स्वीकारतच नाही. मग कंपनीला बँक खात्यात थेट पाठवावे लागतात. "सिस्टिममध्ये पर्याय नाही" याचा खरा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो. कंपनीच्या हिशेब विभागाला ते करता येतं, समोरच्या माणसाच्या स्क्रीनवर मात्र बटण नसतं. म्हणूनच "ही विनंती हिशेब विभागाकडे पाठवा" असं स्पष्ट सांगावं.

परतावा क्रेडिट कार्डावर आला आणि त्या कार्डाची थकबाकी नसेल, तर ती रक्कम आता बँकेच्या कार्डखात्यात जमा म्हणून बसते. वापरून टाका, नाहीतर बँकेकडे तीच मागणी पुन्हा करा. परकी चलनात भरलेलं असेल, तर परताव्याच्या दिवसाचा दर लागतो, त्यामुळे रक्कम थोडी कमीजास्त येऊ शकते. आणि मूळ बिलावर कर भरला होता का ते बघा: न दिलेल्या सेवेवरचा करही परत यायला हवा. त्यासाठी कंपनी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढते, ती मागून घ्या.

नकार आला तर

आधी कंपनीच्याच वरच्या पायरीवर जा: तक्रार निवारण अधिकारी, अपील अधिकारी, जे पद असेल ते. प्रत्येक पायरीचा तक्रार क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा. बाहेरच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या त्रयस्थ अधिकाऱ्याकडे) किंवा नियामकाकडे जाताना "आधी कंपनीकडे तक्रार केली होती" हे दाखवावं लागतं. त्यानंतर नियामक, लोकपाल, ग्राहक न्यायालय. पुष्कळ ठिकाणी यातल्या पहिल्या दोन पायऱ्या विनाशुल्क असतात, आणि लोकपालाकडे तक्रार गेल्यावर कंपन्या बरेचदा सुनावणीआधीच पैसे देऊन टाकतात.

बँकेकडून व्यवहार उलटवून घेणं, म्हणजे चार्जबॅक, हे हत्यार जपून वापरावं. तुम्ही स्वतः केलेला, खरा टॉप-अप होता आणि आता शिल्लक उरली, एवढ्यावर चार्जबॅक सहसा टिकत नाही. मात्र कंपनीने परतावा देण्याचं लेखी कबूल केलं आणि दिला नाही, तर त्यासाठी व्हिसाच्या नियमांत "क्रेडिट नॉट प्रोसेस्ड" असं स्वतंत्र कारणच आहे. तेव्हा कबुलीचा एक ओळीचा ईमेलसुद्धा मोलाचा. चार्जबॅकलाही मुदत असते आणि ती दिवसांत मोजली जाते, त्यामुळे कंपनीच्या "पुढच्या आठवड्यात बघतो" वर फार काळ थांबू नये. त्याच कंपनीत तुमचं दुसरं खातं चालू असेल, तर चार्जबॅकनंतर ते गोठवलं जाण्याची शक्यताही धरून चाला.

खातेदार हयात नसेल तर

या प्रसंगाबद्दल कोणी नीट सांगत नाही आणि घरच्यांची फरफट होते. आई किंवा वडील गेल्यावर त्यांचा फोन, वीज, वर्तमानपत्र, विमा यांची खाती बंद करायची असतात. मुलगा फोन करतो, कंपनी म्हणते, "खातेदाराशीच बोलू शकतो." मग तो मृत्यूचा दाखला पाठवतो, खातं बंद होतं, आणि उरलेली रक्कम मृत व्यक्तीच्या नावाने धनादेश होऊन येते किंवा त्यांच्या गोठवलेल्या बँक खात्याकडे जाऊन परत फिरते.

यात घाई करू नये. मृत व्यक्तीचं बँक खातं बंद करण्याआधी अशा सगळ्या सेवांची यादी करावी; स्टेटमेंटवर वर्षभराचे कापले गेलेले व्यवहार पाहिले की ती तयार होते. कंपनीला पहिल्याच पत्रात तीन गोष्टी सांगाव्यात: खातेदाराचं निधन झालं आहे, निधनाच्या तारखेनंतर कापलेले पैसेही परत हवेत, आणि परतावा कायदेशीर वारसाच्या किंवा मृताच्या मालमत्तेसाठी उघडलेल्या खात्यात हवा. लहान रकमेसाठी बऱ्याच कंपन्या मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि हमीपत्र यांवर भागवतात. न्यायालयाचं वारसपत्र मागितलं, तर रक्कम किती आहे ते दाखवून "लहान रकमेसाठी तुमची सोपी प्रक्रिया कोणती?" असं विचारावं. मृत्यूनंतरची प्रकरणं पाहणारा वेगळा कक्ष मोठ्या कंपन्यांकडे असतो. सर्वसाधारण कस्टमर केअरऐवजी तिथे पोचलात, तर तेच तेच दहा जणांना सांगण्याचं दुःख तरी वाचतं.

कंपनी बुडाली, किंवा वर्षं उलटली

कंपनी दिवाळखोरीत गेली, तर तुमची शिल्लक साधारणपणे विनातारण देणं ठरते आणि रांगेत मागे जाते. दिवाळखोरीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दावा नोंदवणं एवढंच हातात राहतं. नियमन असलेल्या क्षेत्रात परिस्थिती बरी असते: ब्रिटनमध्ये 2021 मध्ये वीज-गॅस पुरवठादार एकामागून एक बंद पडले, तेव्हा घरगुती ग्राहकांना नव्या पुरवठादाराकडे वळवलं गेलं आणि त्यांची जमा रक्कम सुरक्षित ठेवली गेली. गेम किंवा ॲपच्या बाबतीत तसा भरवसा नाही, म्हणून तिथे मोठी शिल्लक साठवूच नये.

जुनी, विसरलेली शिल्लक आठवली तर तीही मागून पाहावी. अमेरिकेत ठरावीक वर्षं कोणी न विचारलेल्या अशा रकमा कंपन्यांना राज्य सरकारकडे द्याव्या लागतात आणि मालक किंवा वारस त्या तिथून विनाशुल्क मागू शकतात. इतर देशांतही बँका, विमा अशा क्षेत्रांसाठी बेवारस रकमांची नोंदवही किंवा निधी असतो. "तुमचे अडकलेले पैसे टक्केवारीवर सोडवून देतो" म्हणणारे लोक बहुधा याच खुल्या याद्या वाचून फोन करत असतात.

पैसे आले, की बँकेतली रक्कम आणि अंतिम बिलावरची रक्कम जुळवून पाहा, कपात असेल तर तिचं कारण मागा, आणि कंपनीकडून खात्यावर काहीही देणंघेणं नाही असं लेखी घ्या. बंद खात्यावर महिन्यांनी एखादी उशिराची नोंद येऊन थकबाकी दाखवली जाते आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात, तेव्हा हेच पत्र पुढे करायचं असतं.